लोड बॅलन्सरची खबर

२४ डिसेंबर २०१२. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दुपारचे १२ वाजून २४ मिनिटं झाली होती. आपल्याकडे नाताळची मध्यरात्र उलटून गेली होती. त्या मिनिटाला ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या काही नोंदी पुसल्या गेल्या. देखभालीची एक प्रक्रिया कुणा डेव्हलपरने चालवली आणि ती चुकून उत्तर व्हर्जिनिया रिजनच्या, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांच्या समूहाच्या, चालू व्यवस्थेवर चालली. त्या नोंदी होत्या लोड बॅलन्सरच्या. कोणत्या लोड बॅलन्सरच्या मागे कोणते सर्व्हर उभे आहेत, आलेली विनंती कुणाकडे धाडायची, हे त्यात लिहिलेलं असे. सर्व्हर शाबूत होते, वीज होती, नेटवर्क होतं, लोड बॅलन्सरसुद्धा जागच्या जागी चालू होते. त्यांच्याविषयीची माहिती तेवढी नाहीशी झाली होती.

आधी नेमकं काय झालं ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. चालू लोड बॅलन्सर चालत राहिले. नवा बनवायला गेलं तर तोही बनत होता. जुन्याला हात लावायला गेलं की मात्र व्यवस्था चुका दाखवायची, आणि काही विनंत्या यशस्वी व काही अयशस्वी हा प्रकार बघून ॲमेझॉनचे तंत्रज्ञ बुचकळ्यात पडले. खरी पडझड नंतर सुरू झाली. गर्दी वाढली की लोड बॅलन्सरची क्षमता आपोआप वाढवायची, हे नियंत्रण व्यवस्थेचं रोजचं काम. ती ते इमानाने करायला गेली, अर्धवट नोंदींवरून चुकीची मांडणी केली, आणि धडधाकट लोड बॅलन्सर एकेक करून निकामी होऊ लागले. सर्वांत वाईट वेळी त्या रिजनमधले ६.८ टक्के लोड बॅलन्सर बाधित होते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी अमेरिकेतल्या कितीतरी घरांत टीव्हीवर नेटफ्लिक्स लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं पूर्ववत झालं. ॲमेझॉनने नंतर स्वतःच प्रसिद्ध केलेल्या निवेदनात एक तपशील आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या डेव्हलपरला चालू व्यवस्थेत हात घालण्याची मुभा होती, कारण ते काम तेव्हा हातानेच करावं लागे. ते स्वयंचलित करण्याचं काम अजून चालू होतं.

क्लाउडमधला लोड बॅलन्सर जगतो तो त्याच्याविषयीच्या माहितीवर. ती गेली की चालू यंत्रालाही पुढचं पाऊल टाकता येत नाही. आणि ॲमेझॉनच्या आतल्या त्या नोंदींना जे लागू, तेच लोड बॅलन्सर भाड्याने घेणाऱ्या प्रत्येक कंपनीला लागू आहे. आपल्याकडे किती लोड बॅलन्सर आहेत, कुठे आहेत, कशाच्या समोर उभे आहेत, हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांचा पुढचा प्रत्येक बदल अंधारातला असतो. म्हणून हा परिचय लोड बॅलन्सरपेक्षा जास्त त्याची खबर घेणाऱ्या साधनांचा आहे. ही साधनं काही बांधत नाहीत, काही पाडत नाहीत. फक्त विचारतात. त्यांच्याकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही, ही माझी तक्रार आहे.

लोड बॅलन्सरचं काम समजायला सोपं आहे. रेल्वे स्टेशनवर दहा तिकीट खिडक्या असाव्यात, आणि कोणती उघडी आहे, कुठे रांग कमी आहे हे बघून माणसं वळवणारा एकजण दारात उभा असावा, तसं. एका सर्व्हरला वेबसाइटची सगळी गर्दी झेपत नाही, म्हणून अनेक सर्व्हर ठेवायचे आणि बाहेरच्या जगाला पत्ता एकाचाच द्यायचा. नव्वदच्या दशकात हे काम करणारी पेटी विकत मिळे. सिस्को, एफ-५ यांच्या पेट्या डेटा सेंटरच्या रॅकमध्ये बसवलेल्या असत. पुढे विली तारो यांच्या एचएप्रॉक्सीसारखी मुक्त सॉफ्टवेअर आली आणि साधा लिनक्स सर्व्हरही तेच काम करू लागला. पेटी असो की सर्व्हर, ती वस्तू तुमच्या ताब्यात होती. तिच्यावर लेबल चिकटवता येई, तिच्यात लॉग-इन करता येई, तिची केबल कुठे जाते ते बोटाने मागोवा घेत बघता येई.

मे २००९ मध्ये ॲमेझॉनने इलॅस्टिक लोड बॅलन्सिंग ही सेवा सुरू केली आणि ती वस्तू गेली. आता तुम्ही एक विनंती पाठवता, बदल्यात एक लांबलचक डीएनएस नाव मिळतं. त्या नावामागे किती यंत्रं आहेत ते ॲमेझॉन ठरवतं. गर्दीप्रमाणे ती वाढतात, कमी होतात, आणि त्यांचे आयपी पत्ते बदलत राहतात. म्हणूनच त्या नावाची डीएनएस नोंद अवघ्या ६० सेकंदांसाठी ग्राह्य धरायची असते. कुणी उत्साहाने आयपी पत्ता वहीत लिहून ठेवला, किंवा त्याहून वाईट म्हणजे फायरवॉलच्या नियमात कायमचा घातला, तर तो कधीही चुकीचा ठरू शकतो. लॉग-इन करायला आत जागा नाही, बघायला पेटी नाही. लोड बॅलन्सर म्हणजे काय, तर एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅमने प्रश्न विचारायच्या खिडकीला, विचारल्यावर जे उत्तर मिळतं ते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये वेबच्या विनंत्या आतून वाचून वाट ठरवणारा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर आला, २०१७ मध्ये नेटवर्क लोड बॅलन्सर, २०२० मध्ये गेटवे लोड बॅलन्सर, आणि २००९ च्या मूळ प्रकाराला क्लासिक म्हणू लागले. चौघांचे स्वभाव वेगळे, म्हणून चौघांना विचारायचे प्रश्नही वेगळे.

हे प्रश्न विचारायला अनेक साधनं आहेत. मी इथे ॲन्सिबल निवडलं आहे, कारण प्रश्न विचारणं आणि बदल करणं यांतली रेघ त्याने जितकी ठळक आखली तितकी फार थोड्यांनी आखली.

ॲन्सिबल मायकेल डीहान यांनी लिहिलं आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये, म्हणजे त्या नाताळच्या घटनेच्या दहा महिने आधी, प्रसिद्ध केलं. डीहान त्याआधी रेड हॅटमध्ये होते. तिथे त्यांनी नव्या यंत्रांवर लिनक्स चढवणारं कॉबलर बनवलं, आणि दूरच्या यंत्रांना आज्ञा देणाऱ्या फंक या साधनावर इतरांबरोबर काम केलं. पपेट आणि शेफ ही साधनं तेव्हा जोरात होती. ती वापरायची तर सामान्यतः प्रत्येक सर्व्हरवर त्यांचा एजंट, म्हणजे सतत जागा राहणारा एक प्रोग्रॅम, बसवावा लागे. डीहान यांनी एजंट काढूनच टाकला. सर्व्हरवर एसएसएच असतंच. त्यातून आत जायचं, पायथनचा छोटा प्रोग्रॅम सोडायचा, काम करून घ्यायचं, उत्तर जेसनमध्ये परत आणायचं आणि मागे काही ठेवायचं नाही. हे छोटे प्रोग्रॅम म्हणजे मॉड्यूल. कोणतं मॉड्यूल कोणत्या क्रमाने चालवायचं ते यॅमलमध्ये लिहिलेलं असतं, त्या फाइलला प्लेबुक म्हणतात. रेड हॅटने २०१५ मध्ये ॲन्सिबलमागची कंपनी विकत घेतली, आणि २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅटच घेतलं. मधल्या काळात जगभरच्या लोकांनी मॉड्यूलं लिहून लिहून त्यांचा ढीग इतका वाढवला की २०२० मध्ये ती मूळ प्रकल्पातून काढून वेगवेगळ्या कलेक्शनांत वाटावी लागली.

इथे एक अडचण होती, आणि मला ती फार मनोरंजक वाटते. ॲन्सिबलची सगळी रचना यंत्रांच्या यादीवर उभी आहे. यादीतल्या प्रत्येक यंत्रात जायचं, तिथे आधी त्याची माहिती घ्यायची: प्रोसेसर किती, मेमरी किती, लिनक्स कोणतं. या माहितीला तिथे फॅक्ट्स म्हणतात आणि ती त्या त्या यंत्राच्या नावाला चिकटून राहते. क्लाउडमधला लोड बॅलन्सर या चौकटीत बसतच नाही. त्याला एसएसएच नाही. मग मॉड्यूल चालवायचं कुठे? उत्तर असं निघालं की ते प्लेबुक चालवणाऱ्याच्याच यंत्रावर चालवायचं आणि तिथून बोटो-३ या पायथन लायब्ररीमार्फत ॲमेझॉनच्या एपीआयला विचारायचं. पण मग उत्तराची मालकी कुणाची? लोड बॅलन्सरची माहिती लॅपटॉपची फॅक्ट म्हणून साठवली तर ती चुकीच्या नावावर जमा होते. बरीच वर्षं या मॉड्यूलांच्या नावात फॅक्ट्स होतं. २०१९ च्या शेवटी आलेल्या २.९ आवृत्तीत ही गल्लत मिटवली गेली: जी मॉड्यूलं यंत्राविषयी नव्हे तर एखाद्या सेवेविषयी सांगतात त्यांची नावं बदलून शेवटी इन्फो लावलं, आणि त्यांचं उत्तर हवं असेल तर रजिस्टर करून, म्हणजे स्वतः नाव देऊन, धरून ठेवायचं असं ठरलं. त्या वेळी असंख्य प्लेबुकांत दुरुस्त्या कराव्या लागल्या आणि लोक वैतागले. तरी निर्णय बरोबर होता. कुठली माहिती कुणाची आहे हे साधनालाच धड माहीत नसेल तर वापरणाऱ्याचं काही खरं नाही.

आता ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरची चौकशी करणारं ईएलबी-ॲप्लिकेशन-एलबी-इन्फो हे मॉड्यूल आतून कसं चालतं ते जवळून बघू. त्याला लोड बॅलन्सरची नावं द्यावीत किंवा एआरएन, म्हणजे ॲमेझॉनच्या जगातली पूर्ण ओळख. काहीच दिलं नाही तर ते त्या रिजनमधले सगळे आणतं. पहिली विनंती यादीची. ॲमेझॉन यादी एकदम हातात देत नाही. एका पानावर जास्तीत जास्त ४०० नोंदी आणि पुढच्या पानासाठी एक खूण. ही खूण घेऊन पानं संपेपर्यंत विचारत राहायचं काम मॉड्यूल करतं. घाईने स्वतःची स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांकडून इथेच चूक होते. पहिल्या पानालाच पूर्ण यादी समजलं जातं, आणि कंपनी लहान असेपर्यंत ती चूक कुणाच्या ध्यानातही येत नाही.

यादीत प्रत्येक लोड बॅलन्सरचं नाव, डीएनएस, व्हीपीसी म्हणजे तो कोणत्या खासगी नेटवर्कमध्ये आहे ते, कोणत्या अव्हेलेबिलिटी झोनमध्ये म्हणजे रिजनमधल्या कोणत्या स्वतंत्र भागांत पाय रोवलेत, सिक्युरिटी ग्रुप, इंटरनेटला तोंड आहे की फक्त आतल्या वापरासाठी, एवढं येतं. बाकीचं वेगळं विचारावं लागतं. गुणधर्मांसाठी एक विनंती, लिसनरसाठी म्हणजे तो कोणत्या पोर्टवर कान देऊन आहे त्यासाठी एक, प्रत्येक लिसनरच्या नियमांसाठी आणखी एक, आणि टॅगसाठी अजून एक. हिशेब करा: १०० लोड बॅलन्सर आणि प्रत्येकाला दोन लिसनर असले, तर गुणधर्मांच्या १००, लिसनरच्या १००, नियमांच्या २००, टॅगच्या १००, मिळून ५०० विनंत्या, यादीची वेगळीच. ॲमेझॉन एका खात्याला ठरावीक वेगाच्या पलीकडे विचारू देत नाही. वेग वाढला की थ्रॉटलिंगची चूक अंगावर येते. मॉड्यूल तेव्हा थोडं थांबतं, पुन्हा विचारतं, पुन्हा नकार आला तर जास्त थांबतं. थांबण्याची वेळ दर वेळी थोडी यदृच्छ ठेवतात, म्हणजे एकाच वेळी विचारणारे अनेकजण पुन्हा एकाच क्षणी दारावर धडकत नाहीत. पुढे ॲमेझॉन कलेक्शनच्या ७.०.० आवृत्तीत तीन नवे पर्याय आले: गुणधर्म नकोत, लिसनर नकोत, नियम नकोत असं सांगता येऊ लागलं. ज्याला फक्त नावं आणि डीएनएस हवेत त्याने ५०० प्रश्न का विचारावेत? हा बदल लहान आहे, पण कुणीतरी मोठ्या खात्यावर हे मॉड्यूल चालवून, ताटकळत बसून, मग तो केला असणार हे वाचतानाच कळतं.

उत्तर येतं ते वाचण्याचंही एक तंत्र आहे. स्टेट या रकान्यात ॲक्टिव्ह लिहिलेलं दिसलं की नवखा माणूस निर्धास्त होतो. त्याचा अर्थ इतकाच, की लोड बॅलन्सर बनून तयार आहे. मागचे सगळे सर्व्हर मेलेले असले तरी तिथे ॲक्टिव्हच दिसेल. त्यापेक्षा मी आधी झोन बघेन: दोन आहेत की तीन. मग आयडल टाइमआउट. तो मुळात ६० सेकंद असतो आणि एखादा अहवाल तयार व्हायला सत्तर सेकंद घेणाऱ्या ॲप्लिकेशनमध्ये तोच ‘कधीकधी पान उघडत नाही’ या तक्रारीचं मूळ असतो. मग डिलीशन प्रोटेक्शन चालू आहे का, आणि ॲक्सेस लॉग लिहिले जातात का. हे शेवटचं मुळात बंद असतं. बिघाड झाल्यावर लॉग शोधायला जावं आणि ते कधी चालूच केलेले नव्हते हे तेव्हा कळावं, याहून हताश करणारा क्षण या कामात क्वचितच येतो. दर आठवड्याला एक प्लेबुक सगळ्या लोड बॅलन्सरचा हा एक रकाना वाचून बंद असलेल्यांची नावं छापत असेल, तर ती वेळ येत नाही.

मागच्या सर्व्हरची तब्येत मात्र वेगळ्या ठिकाणी विचारावी लागते, टार्गेट ग्रुपकडे, म्हणजे त्या सर्व्हरच्या गटाकडे. त्यासाठी निराळं इन्फो मॉड्यूल आहे, आणि तब्येतीची चौकशी त्यातही मुद्दाम मागावी लागते, नाहीतर ते करत नाही. ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर मुळात दर ३० सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला हाक मारतो. लागोपाठ दोनदा नीट उत्तर आलं नाही की त्याला बाजूला काढतो, आणि परत घ्यायला लागोपाठ पाच चांगली उत्तरं मागतो. काढायला लवकर, घ्यायला सावकाश. पण एक अपवाद आहे आणि तो माहीत नसलेली बरीच माणसं मला भेटली आहेत. गटातले सगळेच सर्व्हर आजारी ठरले, तर लोड बॅलन्सर हात वर करत नाही; तो सगळ्यांकडेच विनंत्या पाठवायला लागतो. तर्क असा, की सगळे एकदम मेले असण्यापेक्षा तपासणीतच काही चुकलं असण्याची शक्यता आहे. म्हणजे वेबसाइट चालू दिसत असताना आतलं सगळं लाल असू शकतं. बाहेरून बघणाऱ्याला हे कळणं कठीण. टार्गेट ग्रुपला विचारणाऱ्याला लगेच कळतं.

उलटा प्रश्नही असतो: हा एक सर्व्हर मला बंद करायचा आहे, तो कोणकोणत्या टार्गेट ग्रुपमध्ये आहे? ॲमेझॉनच्या एपीआयमध्ये या प्रश्नाचं थेट उत्तर मिळत नाही. ईएलबी-टार्गेट-इन्फो हे मॉड्यूल मग सरळ रिजनमधले सगळे टार्गेट ग्रुप एकेक करून धुंडाळतं आणि सापडलेल्यांची यादी देतं. कष्टाचं काम आहे, पण याच्यावरच एक नितांत सुंदर रीत उभी आहे. नवी आवृत्ती चढवायची असेल तेव्हा सर्व्हरची यादी थोड्या थोड्या जणांच्या तुकडीने घ्यायची. ॲन्सिबलमध्ये सीरियल लिहिलं की झालं. प्रत्येकाविषयी आधी विचारायचं, तो कुठे कुठे आहे. तिथून त्याला काढायचं. काढल्यावरही चालू असलेल्या विनंत्या पुऱ्या व्हायला तो मुळात ३०० सेकंदांपर्यंत ड्रेनिंग अवस्थेत राहतो. तेवढा धीर धरायचा. मग नवी आवृत्ती, मग आधी विचारून ठेवलेल्या त्याच सगळ्या ठिकाणी परत नोंद, आणि हेल्दी हे उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा चौकशी. ते आल्याशिवाय पुढच्या तुकडीला हात लावायचा नाही. बँकेचं ॲप दुपारी चालू असताना त्याच्या आतली आवृत्ती बदलते आणि पैसे पाठवणाऱ्याला कळतही नाही, ते अशा रीतीने. यातलं बदल करणारं पाऊल छोटं आहे. आधी आणि नंतर विचारलेले प्रश्न त्याला सुरक्षित करतात.

इतर क्लाउडमध्ये हीच चौकशी वेगळं वळण घेते. ॲझ्युरमध्ये आणि डिजिटलओशनमध्ये लोड बॅलन्सर ही एक गोष्ट आहे, तिच्यासाठी एक इन्फो मॉड्यूल आहे. (डिजिटलओशनच्या त्या मॉड्यूलवर लेखकाच्या नावात एक मराठी आडनाव आहे. रेड हॅटचं पुण्यात मोठं केंद्र आहे आणि ॲन्सिबलच्या मॉड्यूलांवर तिथल्या माणसांचे हात फिरलेले आहेत. मराठी वाचकांना हे माहीत असायला हवं असं मला वाटतं.) गुगल क्लाउडमध्ये मात्र वेबसाठीचा लोड बॅलन्सर नावाची एक वस्तूच नाही. फॉरवर्डिंग रूल पत्ता धरून ठेवतो, तो टार्गेट प्रॉक्सीकडे बोट दाखवतो, प्रॉक्सी यूआरएल मॅपकडे, मॅप बॅकएंड सर्व्हिसकडे, आणि सर्व्हिसला हेल्थ चेक जोडलेला असतो. यांच्यासाठी वेगवेगळी इन्फो मॉड्यूलं आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांना जोडून चित्र आपण पूर्ण करायचं. पहिल्यांदा करताना डोकं दुखतं. पण मला यात एक प्रामाणिकपणा दिसतो: ॲमेझॉनने एका नावाखाली झाकलेले तुकडे गुगलने उघडे ठेवले आहेत.

क्लाउड कुठलाही असो, रिजनचं भान सुटलं की माहिती खोटी होते. ॲमेझॉनचं मुंबई रिजन जून २०१६ मध्ये सुरू झालं, ॲझ्युरचं सेंट्रल इंडिया रिजन पुण्यात २०१५ पासून आहे, गुगलचं मुंबई रिजन २०१७ मध्ये आलं. त्याआधी सुरू झालेल्या इथल्या कंपन्यांचं सामान सिंगापूरमध्ये किंवा व्हर्जिनियात ठेवलेलं असे. ते इकडे हलवताना काही लोड बॅलन्सर तिकडेच राहून जातात. मुंबईला विचारलं तर मुंबईचंच उत्तर येतं. सिंगापूरमधला विसरलेला लोड बॅलन्सर त्यात दिसत नाही. तो मागे एकही सर्व्हर नसताना उभा असतो आणि त्याचं तासाचं भाडं चालू असतं. म्हणून प्लेबुकमध्ये सगळ्या रिजनांवर फेरी मारावी, एकाही रिजनला ‘तिथे आपलं काही नाही’ असं गृहीत धरून सोडू नये. क्लासिक प्रकाराविषयीही तेच. त्याचा एपीआय २०१२ चा, नव्यांचा २०१५ चा, आणि नव्याला विचारलं तर तो जुन्यांचं नावही काढत नाही. दोघांना वेगवेगळं विचारावं लागतं.

टेराफॉर्म वापरणारे इथे म्हणतील की आमच्याकडे स्टेट फाइल आहे, सगळं तिच्यात लिहिलेलं आहे. हॅशिकॉर्पने २०१४ मध्ये आणलेलं ते साधन उत्तम आहे आणि नवं बांधकाम करायला मी त्यालाच हात घालेन. पण स्टेट फाइल सांगते ते टेराफॉर्मने बांधलेल्याविषयी. रात्री दोन वाजता कुणी ब्राउझरमधून हाताने बनवलेला लोड बॅलन्सर तिच्यात नसतो. ॲन्सिबलचं इन्फो मॉड्यूल काही लक्षात ठेवत नाही, दर वेळी नव्याने विचारतं. संथ आहे खरं. पण जे आहे ते सगळं सांगतं, कुणी बांधलं याची पर्वा न करता.

ताजं उत्तरसुद्धा दर वेळी खरंच असेल असं नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी उत्तर व्हर्जिनियातच ॲमेझॉनची मोठी पडझड झाली. मूळ बिघाड ॲमेझॉनच्या डायनमोडीबी या डेटाबेस सेवेच्या डीएनएस नोंदीत होता, पण त्याच्या मागोमाग नेटवर्क लोड बॅलन्सरही अडखळले. नव्याने उभ्या राहिलेल्या यंत्रांची नेटवर्कमधली ओळख सगळीकडे पोहोचायच्या आधीच हेल्थ चेकने त्यांना हाक मारली. उत्तर आलं नाही म्हणून त्यांना आजारी ठरवून डीएनएसमधून काढलं, पुढच्या हाकेला उत्तर आलं म्हणून परत घेतलं, पुन्हा काढलं. यंत्रं धडधाकट होती, तपासणीच हेलकावे खात होती. तंत्रज्ञांनी अखेर आपोआप बाजूला काढण्याची ती सोयच तात्पुरती बंद केली. त्या सकाळी कुणी टार्गेटची तब्येत विचारली असती, तर मिनिटामिनिटाला उत्तर बदललेलं दिसलं असतं. एका उत्तरावर विश्वास ठेवून बदल करणाऱ्या प्लेबुकपेक्षा, काही वेळ सलग विचारून उत्तर स्थिर आहे का ते बघणारं प्लेबुक अशा दिवशी कमी नुकसान करतं. रिट्राइज आणि डिले, म्हणजे किती वेळा आणि किती अंतराने पुन्हा विचारायचं ते, लिहिताना आकडे सढळ ठेवावेत, ते यासाठी.

या मॉड्यूलांचा आणखी एक गुण परवानग्यांच्या कामी येतो. इन्फो मॉड्यूल काहीच बदलत नाही, म्हणून ते चालवणाऱ्या खात्याला फक्त वाचण्याची मुभा पुरते. पाहणी करणाऱ्या प्लेबुकसाठी वेगळी, केवळ वाचणारी ओळख बनवावी आणि तिच्याकडे लिहिण्याचा एकही अधिकार ठेवू नये. मग ते प्लेबुक कितीही चुकीचं लिहिलं गेलं, नव्या माणसाने कुठल्याही खात्यावर चालवलं, तरी एकही नोंद पुसली जाणार नाही. नव्याने कामावर आलेल्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी असं प्लेबुक चालवायला द्यावं. आपली व्यवस्था कशी दिसते हे त्यांना कागदावरच्या जुन्या आकृतीपेक्षा त्यातून जास्त कळेल, आणि आकृती काढणाऱ्यालाही कधीकधी नवं काही कळेल.

कोड उघडून बघणाऱ्याला विचारणारं आणि करणारं यांच्यातला आणखी एक फरक दिसतो. ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर बनवणाऱ्या मॉड्यूलमध्ये प्रत्येक गुणधर्मासाठी वेगळा पर्याय लिहावा लागतो. ॲमेझॉनने नवा गुणधर्म आणला की कुणीतरी स्वयंसेवकाने वेळ काढून तो मॉड्यूलमध्ये घालायचा, खऱ्या खात्यावर लोड बॅलन्सर उभे करून चाचणी घ्यायची, त्याची समीक्षा व्हायची, नवी आवृत्ती निघायची. यात महिने जातात. इन्फो मॉड्यूल मात्र गुणधर्मांची नावं आधीपासून ठरवत नाही. ॲमेझॉन जे पाठवेल ते घेतं, नावातल्या टिंबांच्या जागी अंडरस्कोअर घालतं आणि जसंच्या तसं पुढे करतं. ॲमेझॉनने आज संध्याकाळी नवा गुणधर्म सुरू केला, तर तीन वर्षं हात न लावलेल्या प्लेबुकच्या उत्तरात तो उद्या सकाळी आपोआप दिसेल. बदलता येण्याच्या कितीतरी आधी.